घरची खाऱ्या पाण्याची टाकी: मासे आणण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

गप्पी, मॉली असे गोड्या पाण्यातले मासे सांभाळून हात बसला की बऱ्याच जणांना क्लाउनफिश या समुद्री माशाची ओढ लागते. दोन फुटी टाकी, मिठाची पिशवी आणि माशांची एक जोडी, एवढाच बेत असतो. पंधरा दिवसांत मासे दगावतात आणि 'जातच नाजूक' म्हणून विषय संपतो. खरं तर समुद्री माशांमध्ये क्लाउनफिश चांगलाच काटक. नीट पाण्यात तो दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. त्याचा जीव जातो पाण्यामुळे आणि पाणी बिघडतं आपल्या घाईमुळे. म्हणून हा लेख माशांपेक्षा पाण्याबद्दल जास्त आहे.

'छोटी टाकी म्हणजे सोपी टाकी' हा गैरसमज

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत साधारण ७० लिटर पाणी मावतं. वाळू आणि दगड घातल्यावर हातात उरतं जेमतेम ६० लिटर. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. या ६० लिटरांतून ३ लिटर पाणी उडालं, तर क्षारता (हजार ग्रॅम पाण्यात किती ग्रॅम क्षार) दर हजारी ३५ वरून जवळजवळ ३७ वर जाते. तेवढंच पाणी ६०० लिटरांच्या टाकीतून उडालं तर फरक जाणवतही नाही. टाकी जितकी लहान, तितकी चूक पटकन अंगाशी येते. जागा आणि खिसा परवानगी देत असेल तर शंभर लिटरांच्या पुढे जा, असं माझं स्पष्ट मत आहे.

उडालेल्या पाण्याची भर रोज घालायची, आणि ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने. इथे अनेक जण खारं पाणी ओततात आणि क्षारता हळूहळू चढत जाते. काचेवर बाहेरून मार्करची एक रेघ मारून ठेवा. पाणी रेघेखाली आलं की तेवढीच भर घाला.

पाणी आणि मीठ

'घरात आरओ आहे, मग काय अडचण?' हा प्रश्न नेहमी येतो. घरगुती आरओमध्ये बहुतेकदा चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं किंवा खनिजांचं काडतूस बसवलेलं असतं. पिण्यासाठी ते ठीक, पण या टाकीला टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्याच्या जवळ असलेलं पाणी लागतं. स्वस्तातला टीडीएस मीटर घ्या. आकडा ४०-५० दिसत असेल, तर आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा) टप्पा जोडून घ्या.

मीठ म्हणजे समुद्री टाकीसाठी बनवलेलं मिश्रणच. स्वयंपाकाचं मीठ, सैंधव किंवा गोड्या पाण्यातल्या माशांना औषध म्हणून घालतात ते जाडं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटही असतात. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. ते वेगळ्या बादलीत, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून, शक्यतो रात्रभर फिरवा. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीही टाकू नका. क्षारता मोजायचं दुसरं माप म्हणजे विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता), ते १.०२५ च्या आसपास हवं. काटा हलणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरवर बुडबुडे चिकटतात आणि आकडा फसवतो. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) घ्या आणि तो दर हजारी ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या.

समुद्रकिनारी राहणाऱ्यांना चौपाटीवरून कॅन भरून आणायचा मोह होतो. मुंबईच्या किनाऱ्यालगत सांडपाणी मिसळतं, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्यामुळे कोकणभर किनाऱ्याची क्षारता घसरते. पाण्याचा विषय तिथेच संपतो. कोरलचा, म्हणजे प्रवाळाचा, मात्र संपत नाही. दगडासारखा सांगाडा करणारी सगळी कोरलं आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. मालवणला किंवा रत्नागिरीला सापडलेला कोरलचा मेलेला तुकडाही घरी आणायचा नाही. दुकानात 'लाइव्ह रॉक' (टाकीत ठेवायचा समुद्री दगड) म्हणून जे मिळतं तेही अनेकदा कोरलचा सांगाडाच असतं. कारखान्यात बनवलेला सच्छिद्र कृत्रिम दगड घ्या, पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यावरही तितकेच छान वसतात. आणि कोणाकडून जुना दगड मिळाला, तर स्वच्छ करायला तो उकळू नका. त्यावर झोअँथिड वर्गातले (कोरलच्या नात्यातले मऊ) जीव चिकटलेले असतील, तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष श्वासात जाऊ शकतं.

सायकल पूर्ण न करता मासे सोडणं

सगळ्यात जास्त मासे इथे मरतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात आणि ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यालाच टाकीची 'सायकल' म्हणतात. बाटलीतले जिवाणू वापरले तर काळ कमी होऊ शकतो, पण पाण्यातल्या अमोनिया-नायट्राइटची चाचणी चुकवता येत नाही.

गोड्या पाण्यात थोडा अमोनिया मासे निभावून नेतात. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, आणि पीएच चढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. पीएच ७ च्या पाण्याशी तुलना केली तर तेवढ्याच अमोनियाचा विषारी हिस्सा इथे दहापटीच्या आसपास जातो. गोड्या पाण्यातल्या अनुभवी माणसाचा अंदाज इथेच चुकतो.

बिनमाशांची सायकल करा. टाकीत अमोनियम क्लोराइड घालून अमोनियाची पातळी २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) न्या, किंवा कोळंबीचा एक तुकडा जाळीत बांधून सोडा. दर दोन-तीन दिवसांनी चाचणी घ्या. पहिल्या पद्धतीत घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी तयार. कोळंबी वापरली असेल तर ती काढल्यावरही दोन्ही आकडे सलग काही दिवस शून्य राहिले पाहिजेत. सायकलसाठी डॅमसेल हे काटक समुद्री मासे बळी देण्याचा सल्ला अजूनही काही दुकानांत मिळतो. तो ऐकू नका. ते क्रूर आहे, आणि वाचलेला डॅमसेल पुढे प्रत्येक नव्या माशाच्या मागे लागतो.

या दिवसांत वाळूवर तपकिरी थर येतो. ते डायटम (सूक्ष्म शैवाल) असतात, पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की बहुतेकदा आपोआप ओसरतात. हा थर पाहून टाकी रिकामी करून धुणारे लोक महिन्याभराची मेहनत नळाखाली वाहून घालवतात. फिल्टरचा स्पंजही नळाच्या पाण्यात पिळू नका. क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच तो हलका खळबळून घ्या.

मासे निवडताना आणि सोडताना

साठ लिटरांत क्लाउनफिशची एक जोडी, फार तर एखादा छोटा गोबी मासा. निळा टँग मासा मागू नका, तो फूटभर वाढतो. मँडरिन मासा कोपेपॉड या जिवंत सूक्ष्म कवचधारी जीवांवर जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. अ‍ॅनिमोनीही नको. क्लाउनफिश समुद्रात जिच्या आश्रयाने राहतो, तो हा फुलासारखा दिसणारा प्राणी. तिला स्थिरावलेली टाकी लागते, आणि क्लाउनफिशचं तिच्याशिवाय काही अडत नाही. शक्य असेल तर हॅचरीत वाढवलेलेच मासे मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, त्यामुळे प्रवाळातून पकडलेला मासा घ्यायचं कारण उरत नाही.

दुकानात क्षारता विचारा, जमलं तर स्वतः मोजा. तिथे विशिष्ट गुरुत्व १.०२० असेल आणि तुमच्याकडे १.०२५, तर मासा थेट सोडू नका. वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून क्षारता रोज थोडी थोडी चढवा. त्याच टाकीत तीन-चार आठवडे विलगीकरणही होतं. समुद्री माशांवरचे पांढरे ठिपके क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे असतात. गोड्या पाण्यातला तापमान वाढवण्याचा उपाय इथे लागू पडत नाही. उपचार वेगळ्या टाकीतच करा. तांब्याचं औषध मुख्य टाकीत पडलं तर कोळंबी आणि गोगलगायी दगावतात, आणि दगड-वाळूत ते मुरून राहतं.

उन्हाळा, डासांचा फवारा आणि लाइट जाणं

पाणी २५-२६ अंशांवर हवं. मे महिन्यात मुंबईत पंख्याखालच्या खोलीतही ते ३० च्या वर जातं. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत तो जास्त परिणामकारक, मुंबईच्या दमटपणात कमी. मुंबईत चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) खर्च आधीच हिशोबात धरा. पंख्यासाठी झाकण काढलंत तर वर जाळी लावा, नाहीतर मासे उडी मारतात.

डास मारायचे फवारे आणि पेस्ट कंट्रोलमधली पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं मासे-कोळंबीला फार घातक. सोसायटीत फवारणी होणार असेल तर खिडक्या बंद करा, टाकीवर ओलं फडकं टाका आणि हवेचा पंप त्या वेळेपुरता बंद ठेवा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. पॉवरहेड मात्र चालू राहू द्या.

मासे अचानक वर येऊन धापा टाकायला लागले तर आधी पॉवरहेड फिरतोय का ते बघा, मग तापमान, मग अमोनिया. अमोनिया दिसला तर खाणं बंद करून, तेवढ्याच क्षारतेचं आणि तापमानाचं ३० ते ५० टक्के पाणी बदला. त्यासाठी मिसळलेलं पाणी कायम ड्रममध्ये तयार हवं. ऐन वेळी मीठ विरघळवत बसायला सवड नसते.

खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो, आणि पाणी तापलं की अजून कमी. म्हणून लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर पहिला पॉवरहेड, दिवे शेवटी. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) चार-पाच तास बंद राहिला असेल, तर लाइट आल्याबरोबर सुरू करू नका. आत अडकलेलं पाणी कुजलेलं असतं. ते आधी बादलीत काढून टाका, मगच नळी टाकीत सोडा.