एकमेकांना लिंक द्या ना भाऊ!

नागपुरात टेकवर मराठीत लिहिणारे कमी नाहीत. कोणी ईएसपी३२ वर (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) कूलरचा पंप चालवून राहिला, कोणी लिनक्सवर मराठी फॉन्टच्या मागे लागलाय, पण सगळे आपापल्या खोलीत. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला सापडतं कधी, तर तोच प्रॉब्लेम स्वतःच्या डोक्यावर येऊन बसल्यावर. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून जे करून पाहिलं आणि जमलं ते सांगतो.

आधी वाचायची सोय लावा. वेगवेगळ्या ब्लॉगच्या नव्या पोस्ट एका जागी दाखवणारं गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं आणि तेव्हापासून बऱ्याच जणांची फीडची, म्हणजे ब्लॉगकडून रीडरला आपोआप मिळणाऱ्या नव्या पोस्टच्या यादीची, सवयच सुटली, पण फीडली आहे, इनोरीडर आहे, फुकटात काम भागतं. आपल्या ब्लॉगची आरएसएस फीड चालू आहे का तेही बघा, वर्डप्रेसवर असते. मग तुम्ही वाचता त्या सगळ्या ब्लॉगची यादी रीडरमधून ओपीएमएल फाइल म्हणून काढा आणि मित्राला पाठवा, त्याने ती आपल्या रीडरमध्ये टाकली की सगळे ब्लॉग एका झटक्यात त्याच्याकडे.

आता मुख्य गोष्ट. "छान लिहिलंय" म्हणून सोडून देऊ नका, उत्तर म्हणून स्वतःची पोस्ट लिहा. मी मे महिन्यात कूलरच्या टाकीतलं पाणी मोजायच्या सेन्सरवर लिहिलं होतं की पट्ट्या पंधरा दिवसांत गंजून जातात, काय करावं समजत नाही. एकाने त्याच्या ब्लॉगवर उत्तर लिहिलं की सेन्सरला सतत करंट देतोस म्हणून इलेक्ट्रोलिसिस होतं, रीडिंग घ्यायच्या वेळेपुरताच करंट दे. ते वाचून तिसरीने लिहिलं की वायफाय चालू असताना ईएसपी३२ च्या एडीसी२ (व्होल्टेज मोजणारा त्यातला दुसरा भाग) वरच्या पिना ॲनालॉग रीडिंगला चालत नाहीत, ३२ ते ३९ मधली पिन घ्या. तीन पोस्ट, तिन्ही एकमेकींना जोडलेल्या, आणि आता ज्याला कूलरचं करायचंय त्याला एक सापडली की तिन्ही सापडतात.

हे घडलं कारण माझी पोस्ट अर्धवट होती. म्हणून म्हणतो, अडलंय ते तसंच लिहा, शेवटी नेमका प्रश्न टाका. सगळं सोडवून बांधून ठेवलेल्या पोस्टवर समोरच्याने काय बोलावं?

लिंक देताना त्या पोस्टचीच द्या, होमपेजची नाही, आणि "इथे वाचा" असं लिहू नका, तिथे काय आहे ते शब्दांत लिहून त्या शब्दांना लिंक लावा. समोरच्याची चूक दाखवायची असेल तर छापायच्या आधी त्याला एक मेल टाका, एवढं तर आपण करूच शकतो ना, नाहीतर माणूस लिहिणंच सोडतो बाप्पा.

लिंक दिली हे त्याला कळणार कसं? पिंगबॅक आहे, म्हणजे लिंक दिली की समोरच्या ब्लॉगला आपोआप जाणारी सूचना, पण स्पॅममुळे बरेच जण बंद ठेवतात. वेबमेन्शन नावाचं दुसरं आहे, २०१७ पासून डब्ल्यूथ्रीसीचं (वेबचे नियम ठरवणारी संस्था) अधिकृत स्टँडर्ड. त्यात तुमच्या पोस्टचा आणि त्याच्या पोस्टचा पत्ता त्याच्या सर्व्हरकडे जातो, आणि तुमच्या पानावर खरंच लिंक आहे का ते तो सर्व्हर तपासतो. वर्डप्रेसला त्याचं प्लगइन लावावं लागतं. पण दोघांकडेही हे असेलच असं नाही, तेव्हा सरळ व्हॉट्सॲपवर सांगा, त्यात लाजायचं काय. फक्त चर्चा तिथेच संपवू नका, ग्रुपवरचं बोलणं चार दिवसांत वर सरकून जातं आणि बाहेरच्याला दिसतही नाही.

आणि भेटा. रविवारी सकाळी तर्री पोहे खायला चार जण जमलो की तासाभरात दोन-तीन विषय निघतात, उठायच्या आधी कोणता विषय कोण लिहिणार ते ठरवून टाका, आणि ज्याने लिहिलं त्याने बाकीच्या तिघांच्या जुन्या पोस्ट चाळून जिथे विषय जुळतो तिथे लिंक लावायची.