एचडी एडिटिंगचे यंत्र घेण्याआधी फुटेज पाहून घ्या

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरमध्ये गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रथांवरचे देखावे, निघतात आणि मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. २०२२ साली त्या मिरवणुकीचे चित्रीकरण संपादनासाठी माझ्याकडे आले, तेव्हा माझे नवे यंत्र, म्हणजे संपादनाचा संगणक, घरी येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. साठवलेले आणि थोडे उसने घेतलेले असे एक लाख वीस हजार रुपये मी त्यात घातले होते, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा ग्राफिक कार्डावर खर्च झाला होता. फाइल टाइमलाइनवर टाकली, स्पेस बार दाबला, आणि रथावरची आकृती हात अर्धवट उचलून जागच्या जागी गोठली. ढोलताशांचा आवाज मात्र पुढे चालत राहिला.

टास्क मॅनेजर उघडला तेव्हा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर होता आणि ग्राफिक कार्डाच्या 'व्हिडिओ डीकोड' (दाबून साठवलेले चित्रण उलगडणे) या आलेखावरची रेघ तळाशी सपाट होती. इतके महाग कार्ड काहीच काम करत नव्हते. त्या रात्री मला रडू आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण तुमच्यापैकी काही जण आज याच जागी असतील.

ही चूक मी सविस्तर समजावून सांगतो, कारण दुकानातल्या कोटेशनवर ती दिसत नाही. आजच्या कॅमेऱ्यांतून येणारे एच.२६४ आणि एच.२६५ या प्रकारांतले चित्रण फार दाबलेले, म्हणजे कॉम्प्रेस केलेले असते. त्यात पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेले असते आणि मधल्या चौकटींत (फ्रेममध्ये) केवळ बदल नोंदवलेले असतात, त्यामुळे एक चौकट मागे जायचे असले तरी यंत्राला आधीच्या पूर्ण चित्रापासून सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. हे काम सर्वसाधारण प्रोसेसरने केले तर तो धापा टाकतो. म्हणून चिपमध्ये त्यासाठी वेगळा डीकोडर बसवलेला असतो. हा डीकोडर ठरावीक प्रकारच्याच फाइली उलगडू शकतो, आणि माझे नेमके इथेच चुकले.

साध्या चित्रणात रंगाची नोंद चार बिंदूंना मिळून एकदा होते. त्याला ४:२:० म्हणतात. ४:२:२ मध्ये ती आडव्या दोन बिंदूंमागे एकदा होते, म्हणजे रंगाची माहिती दुप्पट असते. शिवाय ८ बिटमध्ये प्रत्येक रंगघटकाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १० बिटमध्ये १,०२४. मिरवणुकीचे चित्रण १० बिट, ४:२:२, एच.२६५ या प्रकारचे होते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची कार्डे ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडत नाहीत. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत मात्र अकराव्या पिढीपासून अंगभूत ग्राफिक्सकडे एच.२६५ च्या या प्रकारासाठी डीकोडर आहे. ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी 'एफ' असते, त्यांच्यात हे अंगभूत ग्राफिक्स बंद केलेले असते. मी एफचा प्रोसेसर घेतला होता, कारण वेगळे कार्ड असताना अंगभूत ग्राफिक्स कशाला, असे दुकानदार म्हणाला आणि मला ते पटले. त्यात जेमतेम दीड हजार रुपये वाचले.

पुढे तो प्रोसेसर तोट्यात विकून मी एफ नसलेला घेतला, तरीही चित्र अडकतच राहिले. वेगळे कार्ड बसवले की काही मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. ते बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन चालू करावे लागते, आणि मग प्रीमियर या संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या मीडिया प्रेफरन्समध्ये इंटेलच्या हार्डवेअर डीकोडिंगवर खूण आहे का, हेही पाहावे लागते. या दोन खुणांपायी माझे आणखी चार दिवस गेले.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की यंत्र घ्यायला इंदूरच्या जेल रोडला जा किंवा आणखी कुठे, खिशात पेनड्राइव्ह ठेवा आणि त्यात ज्यांचे काम तुम्हाला मिळणार आहे त्यांच्या कॅमेऱ्यातले एक मिनिटाचे मूळ चित्रण ठेवा. ते दुकानातल्या यंत्रावर चालवून दाखवा म्हणावे. दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जावे. 'पन्नास हजारांत सर्वोत्तम एडिटिंग पीसी' अशा व्हिडिओंवर विसंबून यंत्र घेऊ नये, कारण त्यांत गेम किती वेगाने चालतो हेच बहुधा मोजलेले असते.

चुकीचे यंत्र आधीच घेतले असेल तरी घाबरू नका, काम थांबत नाही. प्रॉक्सी करा. मूळ फाइलींच्या हलक्या प्रती डीएनएक्सएचआर एलबी या प्रकारात केल्या, तर १०८०पी, २५ चौकटींना सेकंदाला साधारण ३६ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला सुमारे १६ जीबी. तीन तासांचे चित्रण पन्नास जीबीत बसते. प्रॉक्सीत प्रत्येक चौकट स्वतंत्र असल्यामुळे जुना प्रोसेसरही ती सहज चालवतो, आणि शेवटचे एक्स्पोर्ट मूळ फाइलींवरूनच होते. प्रतीतल्या आवाजाच्या वाहिन्यांची संख्या मुळाइतकीच ठेवावी, नाहीतर प्रीमियर ती जोडायला नकार देते. रात्री जेवण झाले की प्रॉक्सी लावून झोपावे. ती मिरवणूक मी शेवटी याच पद्धतीने पूर्ण केली.

हे मला इंदूरच्या रामबागेतल्या एका ज्येष्ठ संपादकांनी शिकवले. आम्ही त्यांना काका म्हणतो. मी फोनवर कार्डाचे नाव सांगत होतो तेव्हा त्यांनी मला थांबवून एवढेच विचारले, "अरे, पण कॅमेऱ्यात कोडेक कोणता लावला होता?" कोडेक म्हणजे चित्रण दाबून साठवण्याची पद्धत. मला उत्तर देता आले नाही. कोणत्याही सहा महिन्यांच्या कोर्सपेक्षा अशा माणसाच्या मागे खुर्ची टाकून महिनाभर गप्प बसणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र कामात मदत करण्याची तयारी ठेवूनच जावे. फुकट शिकायला येणाऱ्यांना काका चहा पाजून परत पाठवतात. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचा सल्ला देणाऱ्यापासून तर चार हात दूरच राहावे. दा विंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती एचडी शिकण्यासाठी पुरेशी आहे. फक्त वर सांगितलेल्या १० बिट, ४:२:२ फाइलींसाठी तिच्यावर विसंबू नये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. रॅम ३२ जीबी घ्यावी. सिस्टीम आणि चालू काम एसएसडीवर ठेवावे, संपलेले काम साध्या हार्ड डिस्कवर. प्रत्येक कामाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर हव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर. आरसा पद्धतीच्या रेडला (RAID, म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणारी जोडणी) बॅकअप समजू नये, कारण एका डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते. मोबाइलवरचे चित्रण आले तर त्याचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चौकटी) बदलता असतो आणि लांब भाषणात ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होतात. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून तो आधी स्थिर करून घ्यावा.

यूपीएसवरचा आकडा नीट वाचा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि रेंडर चालू असताना मॉनिटर धरून यंत्र त्याच्या आसपास जाते. मी १,००० व्हीएचा घेतला. घरातल्या जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर चांगला पॉवर सप्लाय बंद पडू शकतो, म्हणून यंत्र त्यावर लावू नये.

मॉनिटर आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) हवा आणि एसआरजीबी ही रंगांची प्रमाणित श्रेणी जवळजवळ पूर्ण दाखवणारा हवा, तो ४के नसला तरी चालतो. पण खोलीकडे लक्ष द्या. माझ्या खोलीच्या भिंती पोपटी होत्या. डोळा त्या हिरव्याला सरावला की पडद्यावरचे चेहरे गुलाबी वाटू लागत आणि मी नकळत त्यांत हिरवा मिसळत असे. एका लग्नाच्या चित्रणात नवरीच्या गालांवर हिरवट झाक राहिली आणि तिच्या आईने ती पहिल्याच मिनिटाला दाखवली. त्याच रविवारी मी मॉनिटरमागची भिंत फिकट राखाडी रंगवली आणि मागे ६,५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या प्रकाशाची पट्टी लावली.

हातात साठ हजारच असतील तर वेगळे ग्राफिक कार्ड आज घेऊच नये. एफ नसलेला इंटेल प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क आणि योग्य यूपीएस एवढे घ्यावे, घरात असलेल्या मॉनिटरवर भागवावे आणि कार्डाची जागा रिकामी ठेवावी. पॉवर सप्लाय मात्र पुढे येणाऱ्या कार्डाला पुरेल असाच घ्यावा. पहिल्या कामाचे पैसे आले की आधी दुसरी हार्ड डिस्क, मग मॉनिटर, आणि कार्ड त्यानंतर.