कासव ‘अचानक’ गेलं? आधी या चुका तपासा

“काल रात्रीपर्यंत व्यवस्थित खात होतं हो, सकाळी बघतो तर गेलेलं!” कासव मेलं की घरोघरी हेच वाक्य ऐकू येतं. कासव असं एका रात्रीत क्वचितच मरतं. त्याचं शरीर संथ चालतं, त्यामुळे आजारही संथ चढतो आणि कासव तो शेवटपर्यंत लपवतं. आपल्याला दिसतो तो शेवटचा आठवडा, आणि तोही बघायचं ठरवलं तरच.

इथलं सगळं रेड इअर्ड स्लायडरबद्दल आहे, म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, दुकानात दहाच्या नाण्याएवढं मिळणारं पिल्लू. पुढे मादीचं कवच 25 ते 30 सेंटिमीटर होतं आणि नीट सांभाळलं तर ती वीस-तीस वर्षं जगते, हे विकणारा सांगत नाही. (स्टार कासव किंवा आपल्या तळ्यातलं कासव घरात असेल, तर 1972च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. वनखात्याला कळवा.)

“आपल्याकडे हीटर कशाला लागतो?”

सगळ्यात जास्त कासवं या एका वाक्याने मरतात. पुण्या-नाशिककडची नेहमीची गोष्ट घ्या. जानेवारी, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पहाटे टाकीतलं पाणी 17 अंश. घरचे रोज तेवढेच पेलेट्स (कासवाचं दाणेदार खाद्य) टाकतात आणि कासव सवयीने चार दाणे खातं. पण या तापमानाला पोट काम करत नाही, अन्न आतच सडू लागतं. दुसऱ्या आठवड्यात खाणं कमी होतं. घरात कोणीतरी जाणकार असतोच, तो म्हणतो, “शीतनिद्रेत गेलंय, त्रास देऊ नका.” ही शीतनिद्रा नव्हे. झोपायला पाणी पुरेसं गार नाही, जगायला पुरेसं उबदार नाही. या मधल्या अवस्थेत प्रतिकारशक्ती तेवढी पडते.

तिसऱ्या आठवड्यात नाकाशी बुडबुडे येतात, कासव मान ताणून तोंड उघडतं. मग ते एका बाजूला कलून तरंगतं आणि घरची मुलं त्याचा व्हिडिओ काढतात. फुप्फुसं कवचाच्या छताला लागून, दोन्ही बाजूंना असतात. एक बाजू चिकट स्रावाने भरली की तेवढी बाजू जड होते, म्हणून ते कलतं. हा न्यूमोनिया. कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही, आत साचलेलं आतच राहतं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते ‘अचानक’ जातं.

उपाय कंटाळवाणा आहे. लिटरला साधारण एक वॉट हिशेबाने थर्मोस्टॅटचा, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू होणारा हीटर, म्हणजे 100 लिटरला 100 वॉट. पाणी मोठ्या कासवाला 25-26 अंश, पिल्लाला 27-28. थर्मामीटर लावा, बोट बुडवून “कोमट आहे की” म्हणणाऱ्यांनी मासेसुद्धा पाळू नयेत. हीटर भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात ठेवा, कारण कासव धडका मारून काच फोडतं. अचानक मरण यायचंच, तर ते अशा फुटलेल्या हीटरच्या शॉकने येतं. हात घालण्याआधी बटण बंद. पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होता येईल अशी बसायची जागा हवी, तिच्यावर दिवा आणि तिथलं तापमान 32 ते 35.

लक्षणं दिसलीच तर पाणी 28वर न्या आणि उभं राहून डोकं बाहेर निघेल इतकंच ठेवा. त्याच दिवशी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे जा, तेही कोरड्या डब्यात ओलसर फडकं घालून. पाण्यात बसवून नेऊ नका, दमलेलं कासव बुडतं. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकचा चुरा खाण्यात मिसळणं बंद करा. आणि नेहमी गाई-कुत्री बघणारे डॉक्टर असतील तर संकोच न करता सांगा: आयव्हरमेक्टिन नको. गोचिडांवरचं हे साधं इंजेक्शन कासवांना जीवघेणं ठरतं.

खिडकीतलं ऊन आणि मे महिन्यातलं टब

कवच मऊ पडलं की कोणीतरी “ऊन द्या” सांगतं. अर्धे लोक टाकी बंद खिडकीशी सरकवतात. काचेतून यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, येत नाहीत. त्यांच्याशिवाय कॅल्शियम शोषलं जात नाही, फक्त शेवाळ वाढतं. उरलेले अर्धे प्लॅस्टिकचं टब गच्चीवर ठेवून अंघोळीला जातात. पाच लिटर पाणी मेच्या उन्हात बघता बघता चाळिशी ओलांडतं आणि कासवाला पळायला जागा नसते. सकाळी साडेसात-आठचं ऊन, अर्ध्या टबावर सावली, वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ स्वतः शेजारी बसा. जमणार नसेल तर 5.0 किंवा 10.0ची (हा आकडा यूव्हीबीची तीव्रता सांगतो) यूव्हीबी ट्यूब बसायच्या जागेपासून 25-30 सेंटिमीटरवर लावा. ती उजेड देत असली तरी वर्षाने बदला, यूव्हीबी आधीच संपलेला असतो. पाणी शुद्ध करायचा यूव्ही दिवा उघडा लावू नका, डोळे भाजतात.

उरलेलं, थोडक्यात

फक्त सुका झिंगा: डोळे सुजून मिटतात, ही बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता. चांगले पेलेट्स, लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला द्या. इंजेक्शन डॉक्टरच ठरवतील, जास्त झालं तर कातडी सोलवटते. पालक रोज नको. पोळी, भात, पनीर कधीच नको.

तळाशी बारीक खडे: गिळतात, आतडं तुंबतं. डोक्यापेक्षा मोठे गोटे घाला किंवा तळ मोकळा ठेवा.

पाणी: कवचाच्या प्रत्येक इंचाला 40 लिटर, फिल्टर टाकीच्या दुप्पट क्षमतेचा. प्लॅस्टिकच्या माडाचं झाड असलेला तो छोटा डबा म्हणजे कासवाचं घर नव्हे.

एकटी मादी: नर नसतानाही अंडी धरते. कवच 15 सेंटिमीटरच्या पुढे गेलं की वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल ओलसर वाळूचं खोकं द्या, नाहीतर अंडी आत अडकतात.

कवचाला खोबरेल: नको.

वजन: दर रविवारी, एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर, आणि वहीत लिहून. 200 ग्रॅमचं कासव महिन्यात 180वर आलं तर खात असलं तरी ते आजारी आहे.

मेलंय का, हे आधी ठरवा

गारठलेलं कासव हुबेहूब मेल्यासारखं दिसतं. श्वास आणि ठोके इतके विरळ होतात की कळत नाहीत. घाईने पुरू नका. उबदार खोलीत कोरड्या कपड्यावर ठेवा, काही तासांत शरीर 25-26 अंशांवर येऊ द्या, मग पाय हलकेच ओढून बघा. बुडालेलं सापडलं असेल तर डोकं खाली धरून मान सरळ ताणा, पाणी निथळू द्या आणि डॉक्टर गाठा. डोळे खोल गेले, अंग लोंबलं आणि वास सुटला, तर मात्र संपलं.

कारण कळायला हवं असेल तर शव पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, बर्फाने पेशी फुटतात आणि तपासणीत काही दिसत नाही. चोवीस तासांच्या आत पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाची चौकशी करा. मुंबईत ते परळला आहे. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू असतो. दुसरं कासव त्याच पाण्यात असेल तर त्याला आजच वेगळं काढा आणि वजन करा.