छाटणीचे दिवस आणि घोड्याचा खूर : खिळा काढलात, टीटी दिलात का?

पाऊस ओसरतोय, द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. बांधावर तारेचे तुकडे, गंजके खिळे, बाभळीचे काटे पडलेले. त्यात चार महिने ओलीत राहून खूर मऊ झालेले. येवला, सिन्नर, निफाडकडचे घोडेवाले आणि मेंढरांच्या वाड्याबरोबर घोडी नेणारे मेंढपाळ, सगळ्यांसाठी हे दिवस वाईट.

घोडं मरतं ते खिळ्यानं नाही, धनुर्वातानं. पुन्हा पुन्हा तेच पाहिलंय: खिळा उपटला, भोकात काळं ऑइल नाहीतर मोरचूद भरलं, दोन दिवसांत घोडं चालायला लागलं, विषय संपला. मग दहा-पंधरा दिवसांनी कान ताठ, शेपूट उचललेली, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पडदा पुढे आलेला, जबडा उघडत नाही. तेव्हा हातात फारसं काही उरत नाही. धनुर्वाताचे जंतू लीद-मातीत असतातच आणि हवा नसलेल्या जागी वाढतात. भोक वरून बुजवलं की तशी जागा आपणच करून देतो.

म्हणून जखम टाचणीएवढी असली तरी त्याच दिवशी टीटी, म्हणजे धनुर्वाताची लस. आधी लस झाली असेल पण सहा महिने उलटले असतील, तर बूस्टर, म्हणजे पुन्हा एक डोस. कधीच टोचलं नसेल तर लसीबरोबर अँटिटॉक्सिन (धनुर्वाताच्या विषावरचं इंजेक्शन) १५०० युनिट, वेगळ्या जागी, डॉक्टरांच्याच हातून. दुसरा डोस चार आठवड्यांनी, पुढे दरवर्षी.

खिळा अजून आत असेल आणि डॉक्टर लवकर पोचणार असतील, तर उपटू नका. घोडं हलवू नका. खिळा आणखी आत जाऊ नये म्हणून बाजूला लाकडी ठोकळे बांधा. किती खोल, कुठल्या दिशेला, हे एक्स-रेत दिसतं. काढावाच लागला तर आधी मोबाइलवर फोटो, भोकाभोवती खूण, आणि खिळा जपून ठेवा. तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी गादीत घुसलेला खिळा आतल्या सांध्यापर्यंत जाऊ शकतो. तिथे घरचा उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

खिळा दिसत नाही, पण घोडं पाय टेकवत नाही? माझा अंदाज बहुधा चुकत नाही: सकाळी चारही खुरांना हात लावा. एकच गरम लागला आणि घोट्याच्या मागे नाडी ठणठण उडत असली, तर आत पू आहे. पू डॉक्टरांनी वाट करून काढावा. नंतर:

- कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट, त्यात खूर बुडवून १५-२० मिनिटं शेक
- पोव्हिडोन आयोडीन, कापूस, वर लहान मुलाचं डायपर आणि चिकटपट्टी
- कोरडी जागा, पट्टी रोज बदलणे

दुकानदार खुराचं महागडं तेल, बायोटिनची पावडर पुढे करेल. भोक पडलेल्या खुराला त्याचा काही उपयोग नाही. नुसतं दुखण्याचं इंजेक्शन तर घातकच. लंगडणं थांबतं, पू आत पसरतो.

डॉक्टर जवळ नसतील तर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि मंगळवारी येवल्याच्या बाजारातून घोडं आणलंत, तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. लस झालेलीच नाही असं धरून पहिला डोस द्या.