नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरांसाठी: वॉर्ड, पाळ्या आणि थकवा

गोव्यात बांबोळी, म्हापसा नाहीतर मडगाव, स्टाफ नर्स म्हणून कुठेही लागा, पहिला प्रश्न ठरलेला: नाइट झेपेल ना? नाइट झेपते हो. पिळून काढतात ती अर्धवट राहिलेली कामं. घरी जेवायला बसलं तरी चौदा नंबरच्या खाटेचं इंजेक्शन सांगितलं का, हेच डोक्यात.

म्हणून आधी हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंट पुढच्या सिस्टरकडे सोपवणं, नीट द्यायला-घ्यायला शिका. टेबलाशी बसून नव्हे, खाटेपाशी उभं राहून. पेशंट कशासाठी आलाय, आज काय बदललं, पुढच्या पाळीत काय करायचंय, काय बिघडू शकतं. सलाइनचा वेग, कॅथेटर, दोनचा डोस दिला की राहिला, दोघींनी मिळून बघायचं. थोडा वेळ जास्त जातो, पण घरी गेल्यावर फोन येत नाहीत.

औषधं देताना कोणीतरी विचारणारच, ‘सिस्टर, दोतोर केन्ना येतलो?’ (डॉक्टर कधी येणार?) हातातला डोस पुरा करा, मग बोला. मध्येच तोडलं की चूक तिथेच होते. नोंदी पाळी संपताना एकदम लिहायला ठेवू नका. मायक्रोपोरच्या पट्टीवर लिहून युनिफॉर्मला चिकटवायची आपली सर्वांचीच सवय; ती पट्टी बहुतेक वेळा धुण्यात जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. सततचा थकवा, कामाबद्दल तुटकपणा, आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, ही त्याची लक्षणं. तेव्हा योगाच्या शिबिराला जरूर जा, पण रोस्टरबद्दलही, म्हणजे पाळ्यांच्या यादीबद्दलही, विचारा. फारच जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

रोस्टरमध्ये सकाळ, दुपार, मग रात्र हा क्रम उलट्या क्रमापेक्षा शरीराला सोसतो. वॉर्डच्या इन-चार्ज सिस्टरना यादी लागण्याआधी सांगा; लागल्यावर त्यांचेही हात बांधलेले. रात्री आठला सुटून वाळपईला पोचायचं आणि सकाळी आठला परत हजर, ही जोडी तरी टाळून मागा.

सणांचं मात्र आपल्याकडे सोपं आहे. चतुर्थीला क्रिस्ती मैत्रिणी ड्युटी घेतात, नाताळला आपण. फक्त अदलाबदल तोंडी ठेवू नका, इन-चार्जना सांगून दोघींच्या सह्या करून ठेवा.