सराफ्यात एकटं लेकरू दिसलं तर काय कराल

इंदूरात रात्री सराफ्यात, म्हणजे खाऊगल्लीत, भुट्ट्याचा कीस खाताना नाहीतर सरवटे बस स्टँडवर फुगे, पेन विकणारं लेकरू समोर येतं, आपण दहाची नोट देतो आणि निघतो. नोट नका देऊ, १ जानेवारी २०२५ पासून इथे भीक देण्यावर बंदी आहेच, पण खरं कारण म्हणजे त्या पैशामुळेच पोर उद्या परत रस्त्यावर उभं राहतं. भूक लागली असेल तर पोहे खाऊ घाला ना.

आधी त्याच्या उंचीला बसून बोला, नाव काय, सोबत कोण आहे, रात्री झोपतोस कुठे. हात धरून ओढू नका, घरी तर मुळीच नेऊ नका. १०९८ लावा, ही मुलांसाठीची हेल्पलाइन, फ्री आहे, २४ तास चालतो, जागा नीट सांगा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत तिथेच थांबा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मग २४ तासांत मुलाला बाल कल्याण समितीसमोर नेतात, पुढे त्याचं काय करायचं ते ही समिती ठरवते.

फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका प्लीज.

आणि आई सोबत असेल, बापाचं काम सुटलेलं असेल, तर तिच्यावर ओरडू नका हो, तिला मिशन वात्सल्य या सरकारी योजनेची स्पॉन्सरशिप सांगा, पात्र मुलाला महिन्याला ४००० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा बाल संरक्षण युनिटमध्ये, जमलं तर सोबत जा.