महागडं घड्याळ: जुनं की नवं, हे तपासून कसं ठरवावं

रोज हातात घालायला एकच भारी घड्याळ घ्यायचं असेल, तर नवं घ्या. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 च्या वर जातो, घाम पट्ट्याखाली साचतो आणि मोटारसायकलवर काळ्या मातीची धूळ चावीच्या फटीत बसते. जुन्या घड्याळात पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा वयानुसार कडक होऊन तडकलेल्या असतात. डायलवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी ते घालून हातसुद्धा धुऊ नका. नव्यात निदान 100 मीटरची खूण बघा. 30 मीटर म्हणजे फक्त शिंतोडे. काच सफायरचीच हवी. 10 पैकी कडकपणा मोजणाऱ्या मोह्स मापावर तिचा आकडा 9, धुळीतल्या वाळूचा 7, त्यामुळे रोजच्या धुळीनं तिच्यावर ओरखडे पडत नाहीत. जुन्या काळच्या प्लास्टिकच्या काचेवर मात्र सहज ओरखडे पडतात.

घरातलं वडिलांचं एचएमटी असेल तर गोष्ट वेगळी. ते जपायचंच.

तरीही जुनंच हवंय? मग 10 पटींच्या भिंगातून डायल बघा. अक्षरांच्या कडा पसरट, मिनिटांच्या रेघा कमी-जास्त अंतरावर, म्हणजे डायल पुन्हा रंगवलेली. अंधारात चमकणारा रंग काट्यांवर पांढरा आणि आकड्यांवर पिवळा असेल, तर काटे बहुधा बदललेले आहेत.

आता खरी अडचण: मशीन. ‘टिकटिक छान येते’ हा सल्ला साफ चुकीचा आहे, मरायला टेकलेलं मशीनही टिकटिकतं. टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र, असलेला कारागीर शोधा. गावात नसेल तर छत्रपती संभाजीनगर गाठा, पण या तपासणीशिवाय पैसे देऊ नका. घड्याळाला पूर्ण चावी द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. डायल वर ठेवून अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाक किती अंश झुलतं, ते वाचा. जुन्या घड्याळात 250 च्या वर असेल तर ठीक. 220 च्या खाली गेलं तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करायला लावा. मग डायल खाली, चावी खाली, चावी वर, असं प्रत्येक स्थितीत मिनिटभर बघा. उभ्या स्थितीत आकडा थोडा उतरतोच, पण 50 अंशांहून जास्त पडला तर तेल सुकलंय किंवा बॅलन्सची टोकं झिजलीत. तेलाचा प्रश्न सर्व्हिसिंगनं सुटतो. झीज मात्र सुटे भाग मागते, आणि जुन्या मशीनचे भाग मिळवताना महिने जातात. नवं घेण्याचं हेही एक मोठं कारण.

इथे एक फसवणूक चालते. टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल, म्हणजे प्रत्येक ठोक्याला ढकल मिळताना बॅलन्स चाक जितकं फिरतं तो कोन, आपण भरायचा असतो; बऱ्याच मशीनना तो 52 च्या आसपास असतो. विकणाऱ्यानं 60 भरला की खरं 230 असलेलं अ‍ॅम्प्लिट्यूड पडद्यावर 265 दिसतं. म्हणून त्या मशीनचा अँगल घरूनच शोधून जा आणि स्वतः भरा. चोवीस तासांनी, चावी न देता, पुन्हा मोजा. तेव्हा 200 च्या खाली गेलं तर मी ते घड्याळ घेणार नाही, मग डायल कितीही देखणी असो.

घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळत असेल, तर लगेच नाकारू नका. होकायंत्राजवळ धरा. सुई हलली तर हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स चाक झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागलं असण्याची शक्यता जास्त. बाधा फोनच्या स्पीकरचीही असू शकते. हे चुंबकत्व दोन मिनिटांत उतरवता येतं. नव्यात ही कटकट फार कमी. काही ओमेगा घड्याळं तर 15,000 गॉसपर्यंतच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप) चुंबकात तपासलेली असतात.

नवं घेताना वॉरंटी कार्डावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी जुळवा. रोलेक्स आणि ओमेगा आता पाच वर्षांची वॉरंटी देतात. पक्कं बिल घ्या आणि पैसे बँकेतून द्या. 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायला दुकानदाराला कायद्यानं बंदी आहे.